मापाची लाज कशाला?



आज एका अशा वस्तूबद्दल लिहिते आहे, जी आपल्यापैकी बहुतेकजणी रोज अंगावर घालतात, पण तिचे नाव घेताना आवाज खाली करतात. कोणी बॉडी म्हणते, कोणी ब्रेसिअर, कोणी नुसतेच 'आतले'. वाळत घालायची तर साडीखाली लपवून. दुकानात मागायची तर आधी आजूबाजूला बघून. आणि माप? माप कोणी घेतच नाही. ब्लाऊज शिवायला टाकला तर शिंपीण दहा ठिकाणी टेप लावते. चप्पल घेताना आपण चार पावले चालून बघतो. पण दिवसाचे बारा-चौदा तास जी वस्तू अंगाला बांधलेली असते, ती मात्र खोक्यावरचा आकडा बघून पिशवीत टाकतो.

मी औषधाच्या एका कंपनीत पॅकिंग खात्यात काम करते. आठ तास उभे राहायचे, खोकी भरायची, उचलून ट्रॉलीवर ठेवायची. आमच्या लाईनवर बाराजणी आहेत. एकदा जेवणाच्या सुट्टीत हा विषय निघाला. एकीने ब्लाऊज बाजूला करून खांदा दाखवला. पट्ट्याने खोल खाच पडली होती. मग दुसरीने दाखवला, तिसरीने दाखवला. कोणाची पाठ दुखते, कोणाला छातीखाली घामाने पुरळ येते, कोणाचा पट्टा दिवसभर खांद्यावरून घसरतो. सगळ्याजणी म्हणाल्या, "बाईच्या जन्माला आलो, एवढे चालायचेच." मला ते पटेना. कमरेला पट्टा घट्ट झाला तर पुरुष एक भोक सैल करतो. 'पुरुषाच्या जन्माला आलो' असे तो म्हणत नाही.

तरीही माझे एकटीचे असते तर मी विषय सोडून दिला असता. पण गोष्ट मुलीवर आली. ती नववीत आहे. शाळेच्या कबड्डीच्या संघात होती, चढाईला चांगली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने मैदानावर जाणे बंद केले. विचारले तर म्हणे अभ्यास आहे. एका रात्री दोघी भांडी घासत होतो, तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "आई, पळताना सगळे हलते गं. पोरे बघतात. मी नाही जाणार."

नंतर वाचनात आले, की हे एकट्या माझ्या मुलीचे नाही. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी ११ ते १८ वयाच्या २,०८९ शाळकरी मुलींना याबद्दल विचारले होते. २०१६ साली त्यांचा अहवाल आला. जवळजवळ निम्म्या, म्हणजे ४६ टक्के मुलींनी सांगितले, की छातीच्या संकोचाचा किंवा त्रासाचा त्यांच्या खेळण्यावर परिणाम होतो. तिकडच्या मुलींची ही गत, तर आपल्या वस्तीतल्या मुलींचे काय सांगावे?

म्हणून ठरवले, की दोघींचे माप एकदा जाणकार माणसाकडून घ्यायचे. ठरवणे सोपे होते, दुकान सापडणे कठीण गेले.

आधी आमच्याच बाजारातल्या दुकानात गेलो. गल्ल्यावर मालक, पुढे दोन पोरगे. "कितीची?" एकाने विचारले. मी म्हटले, "माप घ्यायचे आहे." तो नजरेनेच माप घेऊन मोकळा झाला आणि मागे ओरडला, "यांना अडतीस काढ." घालून बघता येईल का विचारले तर म्हणाला, "ताई, हा माल घालून बघत नसतात आणि परतही घेत नाही." तोवर मुलगी माझ्या मागे लपली होती. आम्ही काहीच न घेता बाहेर पडलो.

मग एका मोठ्या मॉलमधल्या दुकानात गेलो. थंडगार हवा, घालून बघायची खोली, बोलायला मुलगी. पण टेप तिनेही काढला नाही. नववीतल्या पोरीपुढे तिने जाड स्पंजाची, तारेची, चौदाशे रुपयांची वस्तू ठेवली. मी साधी सुती मागितली तर नजर आमच्या चपलांकडे गेली आणि म्हणाली, "ऑफरचा माल तिकडे कोपऱ्यात आहे." खोली होती, आरसा होता, जाणकार माणूस नव्हते.

शेवटी पत्ता मिळाला तो विहारात. रविवारी वंदना झाल्यावर बायका बोलत बसलो होतो. एक ताई सरकारी दवाखान्यात परिचारिका आहेत. त्यांनी दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत जाण्यासारखे एक दुकान सांगितले. अरुंद दुकान, छतापर्यंत खोकी, मागे पडदा लावलेली एक खोली, आत आरसा आणि खुंटी. गळ्यात टेप घातलेल्या एक साठीच्या मावशी. त्यांचा पहिला प्रश्न आकड्याचा नव्हताच. त्यांनी विचारले, "काम काय करतेस बाई? उभ्याचे की बैठे?"

मुलीला हात लावण्याआधी त्यांनी मुलीलाच विचारले, "टेप लावू का गं? आई इथेच उभी राहील." पातळ कुर्त्यावरूनच माप घेतले. तेवढ्या एका प्रश्नाने पोरीचे आखडलेले खांदे सैल झालेले मी बघितले.

मावशींनी जे समजावले ते इथे लिहिते, म्हणजे ज्यांच्या गावात असे दुकान नाही त्यांना घरी शिवणकामाच्या टेपने माप घेता येईल. मापे दोन. पहिले छातीच्या बरोबर खाली, बरगड्यांवर, टेप पाठीमागे सरळ ठेवून, श्वास सोडून, जरा घट्ट. दुसरे छातीच्या सर्वांत उंच भागावरून, टेप न दाबता. खालचे माप इंचांत सम आले तर त्यात ४ मिळवायचे, विषम आले तर ५. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांच्या खोक्यावरचा आकडा साधारण असाच येतो. माझे खालचे माप ३१, म्हणून आकडा ३६. मग वरच्या मापातून हा आकडा वजा करायचा. एक इंच उरला तर ए, दोन उरले तर बी, तीन उरले तर सी, चार उरले तर डी. माझे वरचे माप ३९, म्हणजे तीन उरले. माझे माप ३६ सी.

आकडा हा अंगाच्या घेराचा आणि अक्षर हे वाटीचे. रस्त्यावर ढिगात मिळणाऱ्या मालावर पुष्कळदा नुसता आकडा असतो, अक्षर नसतेच. मग वाटी लहान पडली की बाई आकडा वाढवते. ३८ बी आणि ३६ सी यांची वाटी जवळपास सारखीच असते, पण ३८ चा घेर माझ्या अंगाला सैल. मावशी म्हणाल्या, "भार पाठीच्या पट्ट्याने उचलायचा असतो. तो सैल असला की सगळे ओझे खांद्यावर येते. म्हणून खाचा पडतात." आमच्या लाईनवरच्या साऱ्या दुखण्याचे कारण त्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

मुलीचे खालचे माप २७, वरचे ३४. तिला ३२ बी आली. शाळेसाठी बिनतारेची सुती आणि खेळासाठी वेगळी, छातीला सगळीकडून आवळून धरणारी. आत घालून झाल्यावर मावशी पडद्याबाहेरून म्हणाल्या, "आता हात वर कर. वाक. उडी मार." आतून धप्‌धप् आवाज आला आणि मग मुलीचा, "आई, हलत नाही गं!"

माझी ३८०, तिची ३०० आणि खेळाची ४५० रुपये, असे ११३० झाले. आमच्या घरात ही रक्कम लहान नाही. मी दोन-दोन घ्यायला निघाले तर मावशींनीच थांबवले. "एक आठवडा वापर. बरी वाटली तर पगार झाल्यावर दुसरी ने." धंदा करणारी बाई असे सांगते, तेव्हा आपण योग्य ठिकाणी आलो असे समजावे.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा चिंधीसाठी दादर? आम्ही नुसत्या चोळीवर जन्म काढला." मी त्यांना उलट बोलले नाही. पण बाईच्या अंगावरच्या कपड्याला चिंधी म्हणून कसे चालेल? केरळच्या दक्षिणेला त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी कित्येक वर्षे लढावे लागले, मार खावा लागला. १८५९ साली राजाने परवानगी दिली, तीही वरच्या जातीच्या बायकांसारखे नेसायचे नाही या अटीवर. आणि आपल्याकडे डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना वेगळे बोलावून काय सांगितले? लुगडे पायघोळ नेसा, जातीची खूण सांगणारे जड दागिने टाका, स्वच्छ राहा. केवढ्या मोठ्या लढ्यात त्यांनी कपड्यासाठी वेळ काढला! अंगावर काय आणि कसे घालावे हा मानाचा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते. सासूबाईंना मी महाडची गोष्ट सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी भाजी निवडता निवडता हळूच म्हणाल्या, "त्या बाई म्हाताऱ्यांचे पण माप घेतात का गं?"

घेतात. म्हाताऱ्यांचे घेतात, बाळंतिणींचे घेतात, ऑपरेशन झालेल्यांचेही घेतात. अंग बदलते तसे माप बदलते. बाळंतपणानंतर, वजन वाढल्यावर किंवा उतरल्यावर, पाळी गेल्यावर पुन्हा टेप लावावा. अंगावर पाजणाऱ्या आईने तर घट्ट आणि तारेची टाळावी, दुधाला अडथळा होतो.

आता चांगले दुकान कसे ओळखावे ते सांगते. माप घेणारी बाई असावी आणि तिने विचारून हात लावावा. घालून बघायला बंद खोली किंवा पुरता पडदा असावा. हा माल सहसा परत घेत नाहीत, म्हणून घालून बघू न देणाऱ्या दुकानातून घेऊ नये. ती तुमचे काम विचारते का, तुमच्या ऐपतीतला माल आधी दाखवते का, हेही बघावे. पाटी किती मोठी आहे याला महत्त्व नाही.

आणि आत आरशासमोर स्वतः तपासावे. नवी वस्तू सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर नीट बसली पाहिजे, कारण धुऊन धुऊन इलॅस्टिक सैल होते आणि मग आतले हुक कामी येतात. पाठीचा पट्टा समोरच्या पट्ट्याच्या रेषेत सरळ असावा, वर चढू नये. त्याखाली दोन बोटे जावीत, मूठ जाऊ नये. वाटीतून अंग बाहेर येऊ नये, वाटीला सुरकुत्याही पडू नयेत. शेवटी आपल्या कामाची हालचाल करून बघावी. भाजीची पाटी उचलणारीने हात वर करावेत, झाडू मारणारीने वाकावे.

एक भीती मात्र काढून टाका. तारेच्या ब्राने कर्करोग होतो असे बायका बोलतात. २०१४ साली अमेरिकेत सिॲटलच्या संशोधकांनी पाळी गेलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तार आहे की नाही, दिवसात किती तास घालतात, वाटी केवढी, यापैकी कशाचाही स्तनाच्या कर्करोगाशी संबंध दिसला नाही. पण माप घेताना, घालताना हाताला गाठ लागली, बोंडातून पाणी किंवा रक्त आले, तर दुकान सोडून सरळ दवाखाना गाठावा. तिथेही लाजू नये.

मुलगी पुन्हा मैदानावर जाते. एका कपड्याने सारे झाले असे मी म्हणणार नाही. टोमणे मारणाऱ्या पोरांना त्यांच्या बाईंनी समज दिली, त्याचाही हात आहे. पण चढाईला जाताना तिचे लक्ष आता समोरच्या रेषेवर असते, स्वतःच्या छातीवर नसते.

माझी महिला मंडळांना एक सूचना आहे. मंडळाच्या कपाटात पंधरा-वीस रुपयांचा एक टेप ठेवावा. महिन्यातून एकदा, फक्त बायका असताना, एकमेकींची मापे घेऊन चिठ्ठीवर लिहून द्यावीत. आपल्या भागातले चांगले दुकान सापडले तर तीन-चार जणींनी मिळून जावे आणि एखाद्या मुलीला बरोबर न्यावे. चिठ्ठी हातात असली की गल्ल्यावरच्या माणसापुढे मान खाली घालावी लागत नाही. आणि हो, धुतलेली वस्तू साडीखाली लपवू नका. ओलसर राहिली तर खाज सुटते. सरळ उन्हात टाका.