आमसुली रंगाची परीक्षा

मराठी माणसाला वाद घालायला विषय लागत नाही, पण कॅमेरा हा विषय मिळाला तर रात्रीचं जेवणही थंड होतं. आमच्या अल्फारेटात मंडळासाठी नवीन कॅमेरा घ्यायचं ठरत होतं, तेव्हा कार्यकारिणीत सरळ तीन पक्ष पडले. चाळिशी-पन्नाशीतले काही कॅननवाले, काही निकॉनवाले आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलं सोनीवाली! खजिनदार बिचारे एवढंच विचारत होते, "फोटो कुठल्याचा चांगला येतो ते सांगा, म्हणजे चेक लिहितो."

प्रश्न सोपा वाटला तरी त्यामागे एक कारण होतं. आदल्या वर्षी आपल्या गणेशोत्सवात, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एका काकांनी नाट्यगीत म्हटलं होतं. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी काय आवाज लावला होता त्यांनी! भारतात परतल्यावर चार महिन्यांनी ते गेले. मुलाने मंडळाकडे त्या दिवसाचा फोटो मागितला. फोटो होता, पण रंगमंचावरच्या निळ्या-जांभळ्या दिव्यांत चेहरा निळसर पडलेला, त्यावर रांगोळी सांडावी तसे रंगीत ठिपके. घरात लावण्यासारखा एकही निघाला नाही. म्हणून या वेळी नुसती मतं नकोत, परीक्षाच घेऊ, असं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

माझा व्यवसाय आयटी कन्सल्टिंगचा. विक्रेत्याच्या डेमोत कुठलीही सिस्टिम पळते. आपल्या डेटावर, महिनाअखेरच्या गर्दीत ती काय करते ते बघायचं असतं. कॅमेऱ्यालाही मी हाच नियम लावला. आपली कसोटी म्हणजे शाळेचं अंधारं सभागृह, लेझीम खेळणारी मुलं, सावळे-गोरे सगळ्या छटांचे चेहरे आणि पैठण्या.

तीन कॅमेरे गोळा केले. माझा जुना कॅनन फाइव्ह-डी (२००५ सालचा, १२.८ मेगापिक्सेल), एका मित्राचा निकॉन डी-८५० (२०१७, ४५.७ मेगापिक्सेल) आणि त्याच्या मुलीचा सोनी ए-७ थ्री (२०१८, २४.२ मेगापिक्सेल). तिघांचाही सेन्सर सारख्याच आकाराचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, साधारण ३६ बाय २४ मिलिमीटर. तिघांनाही ८५ मिलिमीटरची, एफ १.८ ची लेन्स. ट्रायपॉड एकच, जागा तीच, शटरचा वेग तोच.

आधी मेगापिक्सेलचा हिशोब उरकू. तुमच्या हातातल्या या स्मरणिकेचं पान साडेआठ बाय अकरा इंचांचं धरा. इंचाला ३०० ठिपके या उत्तम छपाईच्या हिशोबाने पानभर फोटोला २५५० बाय ३३०० ठिपके लागतात, म्हणजे सुमारे ८४ लाख, साडेआठ मेगापिक्सेलच्याही आत! माझा वीस वर्षांचा म्हातारा कॅमेरासुद्धा ते सहज देतो. निकॉनमध्ये पिक्सेल त्याच्या साडेतीन पट. पण ते रुंदी आणि उंची दोन्हींत वाटले जातात, त्यामुळे फोटोची रुंदी दुप्पटही होत नाही. भिंतभर फलक छापायचा असेल किंवा फोटोतला एक कोपरा कापून मोठा करायचा असेल, तर मात्र हे जादा पिक्सेल कामाला येतात.

तुलना करताना आणखी एक पथ्य पाळावं. बरेच जण संगणकावर फोटो शंभर टक्के मोठा करून ठिपके मोजत बसतात. त्यात जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर अन्याय होतो, कारण त्याचा फोटो जास्त मोठा करून पाहिला जातो. आम्ही सगळे फोटो आठ बाय बारा इंचांत छापले, मागे फक्त आकडे लिहिले आणि परीक्षकांपुढे मांडले.

परीक्षकांत मुख्य होती माझी आई, त्या वेळी साताऱ्याहून आमच्याकडे आलेली. तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे घरातली सर्वांत नवीन लेन्स तिच्याकडेच होती! रंगीत तालमीला ती तिची ठेवणीतली आमसुली साडी नेसून रंगमंचावर बसली होती.

पहिल्या फेरीत कॅमेऱ्यांना सगळं स्वयंचलित ठेवलं. आईने तीनही फोटो हातभर लांब धरून पाहिले आणि म्हणाली, "अरे, यातली एकही माझी साडी नाही." खरंच होतं. एकात ती निळी, एकात तपकिरी, एकात राणी कलरची. कॅननच्या कट्टर भक्ताने सर्वोत्तम म्हणून निवडलेला फोटो मागे उलटला तर निकॉनचा निघाला, हा भाग वेगळा.

असं का होतं? कॅमेऱ्याच्या सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही, फक्त उजेड कळतो. त्यावर लाल, हिरव्या, निळ्या काचांची बारीक चौकट बसवलेली असते; निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेली ही रचना आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. बाकीचं गणित कॅमेऱ्यातला प्रोसेसर करतो, आणि 'कॅननचा रंग', 'निकॉनचा रंग' म्हणतात तो बराचसा या गणितातला फरक. शिवाय स्वस्त एलईडी दिव्यांत गडद लाल रंगाचा उजेड बऱ्याचदा कमीच असतो. जो रंग दिव्यातच नाही, तो कॅमेरा कुठून आणणार? सावळ्या चेहऱ्यावरची लाली पहिली जाते आणि माणूस आजारी दिसायला लागतो.

आपल्या रंगाची ही अडचण जुनीच आहे. फिल्मच्या काळात रंग जुळवायला कोडॅक जी नमुन्याची कार्डं देत असे, त्यांवर वर्षानुवर्षं गोऱ्या स्त्रीचा चेहरा असे. 'बरोबर' रंग म्हणजे तिचा रंग. तो चेहरा आपल्या घरातला नव्हता.

दुसऱ्या फेरीसाठी चांगल्या प्रतीचे दोन पांढरे दिवे आणले, एक करडं कार्ड समोर धरून रंग जुळवला आणि फोटो 'रॉ' स्वरूपात घेतले. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. रॉमध्ये १२ बिटला ४०९६ आणि १४ बिटला १६,३८४. नंतर दुरुस्ती करायला तेवढी जागा मिळते. या वेळी आईने एकेक फोटो पाहिला आणि म्हणाली, "हां, ही आमसुली." तिन्हींना तेच! कुठला कुठल्याचा, ते तिलाच काय, कार्यकारिणीलाही ओळखता आलं नाही.

म्हणजे नवीन कॅमेरे व्यर्थ का? मुळीच नाही. दिवे मंद केल्यावर माझा फाइव्ह-डी आयएसओ ३२०० ला धापा टाकू लागला. बाकीचे दोघे ६४०० लाही शांत होते, आणि छापलेल्या फोटोत त्या दोघांत फरक शोधावा लागला. नाचणाऱ्या मुलाचा डोळा पकडून फोकस ठेवण्यात तर सोनी फारच पुढे. पण झूम लेन्सचं एफ ५.६ सोडून एफ १.८ वर आलो की आत येणारा उजेड साडेनऊ पटीहून जास्त वाढतो. एवढी उडी कॅमेरा बदलून मिळाली नाही.

शेवटी मंडळाने कॅमेरा घेतलाच नाही. आहे त्याच कॅमेऱ्यासाठी एक लेन्स आणि ते दोन दिवे घेतले. शिवाय आता प्रत्येक कार्यक्रमाची पहिली दोन मिनिटं साधा पांढरा प्रकाश असतो. मग खुशाल निळं-जांभळं करा.

आपल्याकडे आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात आणि प्रत्येक खेपेला थोडे थकलेले दिसतात. त्यांचा फोटो काढायला नव्या कॅमेऱ्याची वाट पाहू नका. घरातले दिवे बंद करा, त्यांना खिडकीशी बसवा, आवडीची साडी नेसू द्या आणि हातात असेल त्या कॅमेऱ्याने काढा. तो छापा आणि रंग बरोबर आलाय का, ते त्यांनाच विचारा.