नऊ माणसे, सात दिवस आणि लंका

वाचकहो, सहल म्हणजे विश्रांती अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी आमच्याबरोबर कधीही येऊ नये. तीन वर्षे भिशी भरून आम्ही चार घरची नऊ माणसे २०२४ च्या मे महिन्यात श्रीलंकेला जाऊन आलो. सात दिवसांत कोलंबो, अनुराधपूर, सिगिरिया, दंबुल्ला, कँडी, नुवारा एलिया आणि गॉल! परत कामावर रुजू झालो तेव्हा साहेबांनी चेहरा पाहून विचारले, "आजारी होता का?"

मुंबईहून विमान जेमतेम अडीच तासांचे. घड्याळाचा काटासुद्धा फिरवावा लागत नाही. गाडीचा चालक पंचविशीतला सिंहली तरुण होता. आमच्या आईला तो पहिल्याच दिवशी 'अम्मा' म्हणाला, म्हणून आम्ही त्याला 'मल्ली' म्हणू लागलो. मल्ली म्हणजे धाकटा भाऊ. कुठेही थांबलो की निघताना तो बोट दाखवून माणसे मोजी: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नमय. सात, आठ, नऊ ही आपलीच भावंडे! भाताला तिकडे 'बत्' म्हणतात. आमच्या सौ.ना वाटले, चला, भाषा आली. दुपारी खाणावळीत त्यांनी ऐटीत पाणी मागितले. पोऱ्याने काळपट गोड पाकाची वाटी आणून ठेवली. त्यांच्याकडे 'पॅणि' म्हणजे माडाच्या जातीच्या झाडाचा काकवीसारखा पाक, म्हशीच्या दह्यावर घालून खातात तो. पाण्याला म्हणतात 'वतुर'. तहान तशीच राहिली, पण दही-पॅणि नऊ जणांनी दोनदा मागवले. हिशेबनीस मित्रांनी वहीत खर्च कोणत्या नावावर टाकावा यावर वाद झाला तो वेगळा.

अनुराधपूरला पोचलो तो दिवस वैशाख पौर्णिमेचा, २३ मे. तिकडे प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते आणि वैशाखी पौर्णिमेला तर दोन दिवस. दारूची दुकाने बंद, मांसाची बंद. घराघरांवर कागदी कंदील. संघमित्रेने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचा तो महावृक्ष, सोनेरी टेकू देऊन सांभाळलेला. चपला बाहेर काढायच्या आणि मे महिन्यातले तापलेले दगड! रुवनवेली स्तूपाभोवती आम्ही प्रदक्षिणा घातली असे म्हणण्यापेक्षा उड्या मारल्या असे म्हणणे खरे होईल. अनुभवी मंडळी पायमोजे घालून आली होती. फोटो काढताना बुद्धमूर्तीकडे पाठ करून उभे राहायचे नाही, ते अपमानाचे समजतात. आमच्या भाच्याला एका रखवालदाराने हाताला धरून वळवले. बरे केले.

निघताना मल्लीने मोजले: अट. पुन्हा मोजले: अट. आई नव्हती! चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे दुखतात, हातात फोन नाही. अर्ध्या तासाने सापडली. पांढऱ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या सिंहली बायांच्या ओळीत बसून त्रिसरण-पंचशील म्हणत होती. चाल निराळी, शब्द तेच. एका बाईने खाली पडलेले पिंपळपान तिच्या हातात ठेवले होते. आम्ही रागावणार होतो, पण ते जमले नाही.

त्या रस्त्यावर आणखी एक गंमत. 'दन्सल' म्हणजे रस्त्याकाठचे मोफत अन्नदान. पोरे झेंडे हलवीत गाड्या अडवतात आणि वाढतात. कुठे भात, कुठे सरबत, कुठे आइस्क्रीम. नाही म्हणायची सोय नाही. पाच ठिकाणी अडवले, पाचही ठिकाणी खाल्ले. हॉटेलात आगाऊ पैसे भरलेले जेवण तसेच राहिले आणि हिशेबनीस रात्रभर हळहळले. आईने मात्र तिसऱ्या मांडवात हळूच विचारले, "हे कोण, कुठले, काही विचारत नाहीत?" लहानपणी गावच्या पाणवठ्यावर ओंजळीत वरून ओतलेले पाणी ती प्यायली आहे. आम्ही म्हणालो, "नाही, कुणालाच नाही." ती पान पुसून जेवली.

सिगिरियाच्या बाराशेच्या आसपास पायऱ्यांपैकी अर्ध्याहून अधिक आम्ही चढलो. बापाला मारून गादीवर आलेला पाचव्या शतकातला काश्यप राजा भीतीने त्या खडकावर जाऊन राहिला म्हणतात. हिशेबनीस सिंहाच्या दगडी पंजापाशीच बसले. "राजाला मस्टर नव्हते, वर राहिला," असे म्हणाले. दंबुल्लाची लेणी पावसात उरकली. कँडीला दंतधातूच्या मंदिरात गर्दी एवढी की कुणाचा पाय कुणाचा कळेना. १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब याच गावी आले होते, म्हणून तिथे जरा रेंगाळलो.

रविवारी नुवारा एलियाला होतो. हिरवे मळे पाहून सगळे गाणी म्हणत होते. ती पाने खुडणाऱ्या तमिळ मजुरांचे नागरिकत्व १९४८ च्या कायद्याने गेले आणि उरलेल्यांचा प्रश्न थेट २००३ च्या कायद्याने सुटला, हे चहा पिताना लक्षात असावे. तिथेच पाहुण्यांच्या खोलीत इंग्रजी वर्तमानपत्र हाती लागले. सवयीने शेवटची पाने उघडली, तर वधूवर पाहिजेत! अमक्या जातीचे बौद्ध आईवडील मुलीसाठी वर शोधतात, पत्रिका पाठवा. काहींनी 'जातीची अट नाही' असेही छापले होते, पण तसे छापावे लागते यातच सारे आले. मग बोलता बोलता कळले की १७५३ साली सयामहून भिक्षू आणून उभ्या राहिलेल्या निकायाच्या मुख्य शाखा 'गोविगम' या शेतकरी जातीबाहेरच्यांना उपसंपदा देत नाहीत. म्हणून इतरांनी १८०३ पासून आपला वेगळा निकाय काढला. मल्लीला विचारले तर तो कानामागे खाजवीत म्हणाला, "फक्त लग्नाच्या वेळी हो."

नऊ कप चहा गार झाला. एक जण म्हणाले, हे म्हातारीला कळू देऊ नका, विहारात तर मुळीच बोलू नका. एवढ्यात आईच आली. "काय वाचताय एवढे?" आम्ही वाचून दाखवले. थोडा वेळ ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "मला वाढणाऱ्या पोराने विचारले नाही, ते खरे. आणि हे छापलेले, हेही खरे. दोन्ही सांगा. अर्धे सांगायला एवढे पैसे कशाला घातले?"

गॉलला पाऊस इतका की किल्ला छत्रीखालून दिसला तेवढाच. समुद्रात पाय बुडवायचे राहूनच गेले.

विमानतळावर सामान भरले अडीच किलो जास्त. शोध घेता पॅणिच्या बाटल्या सापडल्या, सौ.च्या पिशवीत तीन आणि हिशेबनिसांच्या चार. मल्लीने शेवटचे मोजले, नमय, आणि आईच्या पाया पडला. दोन बाटल्या त्यालाच द्याव्या लागल्या. "माझ्या घरी आहेत की!" असे तो हसत म्हणत होता.