कोरड्या मुलखातील नाव

बुलढाणा जिल्ह्यात नाव कशाला हवी, असे कोकणातील एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले होते. प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. ज्या पैनगंगेचा उगम आमच्याच जिल्ह्यात, तिचे पात्र उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी चपला हातात न घेता ओलांडता येते. परंतु जुलै 2023 मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांत असा पाऊस कोसळला की, ओढ्यांनी गावे वेढली. डोंगरावरून उतरणारे पाणी काही तासांत येते आणि काही तासांत जाते. तेवढ्या अवकाशात बचावाची नाव चालू झाली तर ती नाव. एरवी ती कोठीतील एक जिन्नस!

या रबरी नावेच्या पाठीस जे इंजिन टांगतात, ते मोठे आटोपशीर यंत्र. इंजिन, दांडा, पंखा व सुकाणू सारे एकत्र. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी 1909 च्या सुमारास ते बाजारात आणले, आणि नाव वल्हवणाऱ्यांच्या बाहूंस विश्रांती मिळाली. पावसाळ्यापूर्वी एका तलावावर अशा नावेची रंगीत तालीम आम्ही पाहिली. दोरी ओढताच इंजिन सुरू झाले, नाव डौलात निघाली, आणि चार-पाच मिनिटांत धापा टाकीत थांबली. पुन्हा दोरी, पुन्हा तेच. अखेर वल्ही मारीत मंडळी काठास आली व प्लग काढून पाहू लागली.

शेतातील ऑइल इंजिने दुरुस्त करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, असे एक वृद्ध मिस्त्री तेथे उभे होते. ते म्हणाले, "पोरांनो, पिलगाले कायले हात लावता? ठिणगी गेली असती तं एकदम बंद पडलं असतं. हे उपाशी मरून राह्यलं."

त्यांनी पेट्रोलच्या नळीतील रबरी फुगा चाचपला. तो चपटा झाला होता. मग टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू सैल केला. सुस्कारा टाकावा तसा आवाज झाला व फुगा फुगला. टाकीतून पेट्रोल जावयाचे तर त्याच्या जागी हवा आत यावयास हवी. वाट बंद असल्याने टाकीत पोकळी होऊन इंजिनाचा घास अडत होता.

इतके होऊनही नाव डोलू लागली की इंजिन मधूनच ठेचकाळे. मिस्त्रींनी टाकीच्या तळचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढले आणि हुंगून "हे मागच्या सालचं," असा निकाल दिला. बाटली थोडा वेळ स्थिर ठेवताच दोन थर दिसले: वर तेल मिसळल्याने रंगीत झालेले पेट्रोल, खाली पाण्यासारखा निवळ पदार्थ. आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये सुमारे 20 टक्के इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते, आणि पाणी फार झाले म्हणजे त्याच्यासह पेट्रोलपासून फुटून तळाशी बसते. वंगणाचे तेल मात्र वरच राहते. म्हणजे हा तळचा थर नळीत गेला की इंजिन अडखळते आणि कोरडेही घासते. शिवाय जुन्या पेट्रोलचा चिकटा कार्बुरेटरच्या सुईएवढ्या छिद्रांत साचतो तो वेगळाच. वापराने झिजणारी यंत्रे आम्ही पुष्कळ पाहिली. निजून आजारी पडणारे हे एक.

टाकी धुतली, छिद्रे साफ झाली, ताजे पेट्रोल भरले. इंजिनामागून थंडाव्याच्या पाण्याची धारही नीट पडू लागली. मग मिस्त्री पथकाच्या अधिकाऱ्यांस म्हणाले, "साहेब, दर पंधरा दिवसांनी याले पाण्याच्या पिंपात उभं करून चालवा. कोरडं चालवाल तं आतला रबराचा पंखा जळते."

"मे महिन्यात पिंपभर पाणी आणावे कोठून, काका? आमच्याकडे प्यायला टँकर येतो."

"पुरात सापडलेल्या गावाले मांगा. देते का नाही, पाहा."

अधिकाऱ्यांनी वही उघडून एका पिंपाची मागणी लिहिली. ती लिहिताना आम्ही शेजारीच उभे होतो.