‘आयरनी’ : एका सोंगाचा अर्थप्रवास

‘आयरनी’ या संज्ञेसाठी मराठी समीक्षेत ‘उपरोध’ हा शब्द सर्रास योजला जातो. उपरोध असतो तो बोलण्यात. ‘आयरनी’चे मूळ मात्र बोलणाऱ्या माणसात आहे.

ॲरिस्टोफेनिसच्या सुखात्मिकेत ‘एइरोन’ हा शब्द शिव्यांच्या माळेत येतो. सर्व समजत असून काहीच न समजल्याचा आव आणणारा तो एइरोन. ‘वेड पांघरून पेडगावला जाणारा’ म्हटले की मराठी वाचकास तो नेमका ओळखू येतो. (पर्याय शोधताना आपण संस्कृत अलंकारशास्त्राकडे धावतो, वाक्प्रचारांकडे क्वचितच वळतो.) प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये थ्रासिमाखस सॉक्रेटिसवर ‘एइरोनेइआ’चा ठपका ठेवतो, तो याच अर्थाने : स्वतः उत्तर द्यायचे नाही आणि अज्ञानाचे सोंग घेऊन दुसऱ्यास बोलते करायचे. आज आदराने शिकवली जाणारी ‘सॉक्रेटिक आयरनी’ मुळात अशी तक्रार आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिविचारात बढाईखोर ‘अलाझोन’ आणि स्वतःला उणे दाखविणारा ‘एइरोन’ यांना सत्याच्या दोन बाजूंस उभे केले. दोघेही सत्यापासून ढळलेले. तरी दुसऱ्याचे ढळणे त्याला अधिक सुसंस्कृत वाटले, आणि उदाहरण त्याने सॉक्रेटिसचेच दिले.

रोमन वक्तृत्वशास्त्रात हा माणूस मागे पडला. बोलले त्याच्या उलट अर्थ घ्यावयाचा, अशी क्विंटिलियनची व्याख्या रूढ झाली आणि सोंगाचा अलंकार झाला. ‘उपरोध’, ‘व्याजस्तुती’ हे आपले पर्याय येथपर्यंत बिनतक्रार चालतात.

अडचण पुढे येते. कॉनप थर्लवॉल याने १८३३ मध्ये सॉफोक्लिसच्या आयरनीवर निबंध लिहिला आणि ही संज्ञा उक्तीतून नाट्यरचनेत नेली. लायसच्या मारेकऱ्यास शाप देणारा इडिपस सोंग घेत नाही, टोमणाही मारत नाही. तो अगदी मनापासून बोलतो. शाप त्याच्याच माथी येणार हे प्रेक्षकास ठाऊक असते, त्याला नसते. एइरोन जाणत असून नेणतेपण दाखवी. येथे नेणताच स्वतःस जाणता समजतो. ‘दैवदुर्विलास’ म्हणावे तर दैव येते, पण जाणता प्रेक्षक निसटतो. आणि ‘नाट्यगत उपरोध’ असे शब्द समोर आले, की विद्यार्थी बिचारा इडिपसच्या भाषणांत टोमणे शोधीत बसतो.