चुन्याची निवळी

रासायनिक क्रिया म्हणजे काय, असे इयत्ता सातवीत विचारले असता सारा वर्ग एका सुरात सांगतो की, जीत नवा पदार्थ निर्माण होतो ती रासायनिक क्रिया. उत्तर बिनचूक आहे. परंतु ते पाठ असणे आणि ती क्रिया समोर घडत असता ओळखणे यांत किती अंतर आहे, हे आम्हांस एका विद्यार्थ्याकडून शिकावे लागले. तेही त्याच्यावर अन्याय केल्यानंतर.

प्रयोग नेहमीचाच होता. इतवारीतून खावयाचा चुना आणून आदल्या दिवशी पाण्यात कालवून ठेवला होता. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, एका लिटरात दीड ग्रॅमच्या आसपास. उरलेला तळाशी बसला की वरचे स्वच्छ पाणी ती चुन्याची निवळी. हवेत कार्बन डाय ऑक्साइड शेकडा सुमारे ०.०४ असतो, तर आपल्या उच्छ्वासात शेकडा ४. म्हणून निवळीत नळीने फुंकले की ती पाहता पाहता दुधाळ होते. विरघळलेला चुना व हा वायू यांच्या संयोगाने कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे संगमरवराचाच पदार्थ, तयार होतो आणि तो विरघळत नाही. (फुंकावे, ओढू मात्र नये, चुन्याने तोंड भाजते. ही सूचना आम्ही दोनदा देतो, तरी तिसऱ्यांदा देण्याची पाळी येतेच.)

मागच्या बाकावरील एका मुलाच्या वाट्यास निवळी पुरेशी आली नाही. त्याने होती तेवढीत दहापट ऊर्ध्वपातित पाणी घातले व तो फुंकीत बसला. तास संपता संपता तो म्हणाला, "सर, माझे पाणी दुधाळ झाले होते, पण आता परत स्वच्छ झाले."

"पुस्तकात असे नाही," असे म्हणून आम्ही त्याच्यावर परीक्षानळी बदलल्याचा आरोप केला व वहीत 'निरीक्षण चूक' असा तांबडा शेरा मारला. मुलगा काही बोलला नाही. त्याने वही मिटली आणि तो खिडकीबाहेर पाहू लागला.

त्या रात्री आम्हांस झोप लागेना. व्रण पाहिल्यावाचून विश्वास ठेवणार नाही, असे म्हणणाऱ्या थोमाला प्रभूने व्रण दाखविले. आम्ही तर मुलाने पुढे केलेली नळीही नीट पाहिली नव्हती. सकाळी शाळा भरण्यापूर्वी प्रयोगशाळा उघडून त्याच मापाने निवळी व पाणी घेतले आणि फुंकीत राहिलो. प्रथम दुधाळपणा आला, मग तो विरू लागला, आणि बऱ्याच वेळाने नळीमागे धरलेल्या कागदावरची रेघ स्पष्ट दिसली. वायू अधिक झाला की कार्बोनेटापासून विरघळणारे कॅल्शियम बायकार्बोनेट होते, हे आम्ही पदवी-परीक्षेत स्वहस्ते लिहिले होते. इतकी वर्षे ठाऊक असूनही ते दाराशी आले तेव्हा आम्हांस ओळखता आले नाही!

प्रार्थनेनंतर वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली, शेरा खोडला आणि ती स्वच्छ झालेली नळी त्यालाच तापवावयास दिली. उकळी येताच वायू निघून गेला व पाणी पुन्हा दुधाळ झाले. तो चटकन उद्गारला, "आमच्या विहिरीच्या पाण्याच्या पातेल्यात असेच पांढरे जमते! आई त्यावर लिंबू चोळते, तेव्हा ते फसफसते." हे वाक्य आम्ही पालकांसाठी मुद्दाम येथे उतरवीत आहो. त्या माउलीच्या स्वयंपाकघरात आमच्या पाठाचा उत्तरार्ध रोज चालला होता.

मग टाकळीची गोष्ट निघाली. स्कॉटलंडहून नागपुरास आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप व त्यांचे सहकारी हंटर यांना आपल्याच शहरालगतच्या टाकळीस, काळ्या पाषाणाच्या थरांमधील गाळात, गोड्या पाण्यातील शंखांचे जीवाश्म सापडले. या प्रदेशाच्या भूस्तरांविषयीचा त्यांचा निबंध १८५५ साली लंडनच्या नियतकालिकात आला. पाण्यात अदृश्य असलेला चुनाच गोगलगाय शंखासाठी घेते, असे आम्ही सांगताच त्याच मुलाने विचारले, "पण सर, ती पाणी तापवते कशावर?"

तापवीत नाही. शंखाच्या कडेशी असलेल्या त्वचेखालच्या द्रवातील आम्लता ती कमी करते, म्हणजे कार्बोनेट वेगळे होते. हे उत्तर आम्हांस दोन दिवस ग्रंथ चाळून मिळाले. येत्या पावसाळ्यात काही गोगलगाई वर्गात ठेवून त्यांचे शंख महिन्या-महिन्याने मोजण्याचे ठरले आहे. बरणी त्याने घरून आणून ठेवली आहे.