दिवेलागणीनंतरचे पान

दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये, झाड झोपते, असे आजी सांगे. वाळवा तालुक्यातल्या आमच्या उसात रात्रीच्या विजेवर अण्णांबरोबर दारे धरताना आम्ही पानांतून जपूनच चालत असू. पुढे सातारा जिल्ह्यात, कराडला वनस्पतिशास्त्र शिकताना कळले, की पान झोपत नाही. उजेड सरल्यावर काही मिनिटे तर त्याचे श्वसन अधिकच जोराने चालते.

गहू, ज्वारी, ऊस ही सारी गवताच्याच कुळातली. दिवसा त्यांच्या पानांत शर्करा आणि काही आम्ले साठतात. अंधार पडताच या ताज्या शिदोरीला प्रथम हात लागतो, कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडतो आणि मग श्वसन हळूहळू मंदावते. लख्ख उन्हाच्या दिवसानंतर रात्रीचा हा खर्च मोठा असतो, ढगाळ दिवसानंतर लहान. गव्हाच्या पानात उजेड जाताच पहिल्या एक-दोन मिनिटांत या वायूची आणखी एक उसळी दिसते, ती प्रकाशश्वसनाची. उसात ती जवळजवळ नसते, कारण त्याची कार्बन पकडण्याची रीत निराळी आहे. हवाई बेटांवरील संशोधकांनी उसाच्याच पानांवरून ती १९६५ साली मांडली. कारखान्याच्या काट्यावर चढते ते दिवसाच्या कमाईतून रात्रीचा खर्च वजा जाता उरलेले.

ऑगस्ट २०१९ मध्ये हा हिशेब आम्हांला शेतातच भेटला. महाबळेश्वर आणि कोयनेच्या खोऱ्यावर ढग दाटले होते, आमच्या शिवारावरही. ढगांनी उजेड अडवला आणि तिकडचे पाणी कृष्णेतून सांगलीकडे उतरले. पाने आधीच अर्धपोटी, त्यांवर गढूळ पाणी चढले. पाण्याखाली प्रकाश नाही, प्राणवायूही पुरेसा नाही. जुन्या शिल्लकीवर किती दिवस काढायचे?

पूर ओसरल्यावर अण्णा बांधावरून शेंडे पाहत हिंडले. ज्याचा पोंगा बुडाला होता तो ऊस कुजला. ज्याचा शेंडा वर राहिला, त्याला काही दिवसांनी नवी पात फुटली. "उजेड भेटला त्याला," अण्णा म्हणाले. आम्हांला त्यात भर घालण्याजोगे काही सुचले नाही.

आजही रात्री उसातून जाताना आम्ही पानाला हात लावत नाही. ते झोपलेले नाही हे ठाऊक आहे. दिवसभरात जे मिळाले, त्यावर त्याचे काम चालू असते.