हविर्भाग आणि उत्तरभाग

पुराणकथेवर आधारलेली कादंबरीमालिका उत्तरभागात निराशा करते, तेव्हा लांबलेले कथानक आणि सैल भाषा यांवर ठपका ठेवला जातो. मला ही कारणमीमांसा अपुरी वाटते. पूर्वभागाने जो नैतिक प्रश्न वाचकाच्या मनात रुजविला, त्याकडे उत्तरभागाने पाठ फिरविणे, हे या निराशेचे खरे मूळ असावे.

मुंबईत जन्मलेले अमीश त्रिपाठी यांची शिवकथात्रयी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. मूळ इंग्रजीत २०१०, २०११ आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेले तिचे तीन भाग ‘मेलुहाचे मृत्युंजय’, ‘नागांचे रहस्य’ आणि ‘वायुपुत्रांची शपथ’ या नावांनी मराठीतही आले. आमच्या विद्यार्थ्यांनी पहिले दोन भाग असोशीने वाचले, तसे मीही वाचले. तिसऱ्या भागाने मात्र मला उदास केले.

या उदासीचा उलगडा मला ओझरच्या विघ्नहराच्या कथेत सापडतो. अभिनंदन राजाने यज्ञात इंद्राचा हविर्भाग वगळला. इंद्राने यज्ञविध्वंसासाठी विघ्नासुर धाडला आणि तो पुढे सर्वच सत्कर्मांच्या आड येऊ लागला. गणपतीने त्याला नमविले, मारले नाही. जेथे आपले पूजन होईल तेथे न जाण्याची अट त्याला घातली, आणि त्याचे नाव आपल्या नावाशी जोडण्याची त्याची विनंती मान्य केली. कुकडीकाठच्या ज्या देवळाच्या शिखरावर वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी सोन्याचा मुलामा चढविल्याचे सांगतात, त्याची मूळ कथा अशी विजयापेक्षा तहाची आहे. ‘मग तो विघ्न आता कुठे असतो?’ असे आम्ही मुले विचारीत असू. ‘जेथे आरंभी गणपतीचे स्मरण होत नाही तेथे’, हे वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असे. पराभूताला जागा दिल्यामुळेच कथेला पुढचा भाग संभवतो, हे त्या उत्तरात गृहीत होते.

त्रयीचा दुसरा भाग हे मर्म जाणतो. पहिल्या भागात शत्रू भासलेला बुरखाधारी नाग हा सतीचा पुत्र गणेश निघतो. शारीरिक व्यंगामुळे दक्षाने त्याला जन्मतःच दूर केलेले असते. नाकारलेल्याला त्याचा वाटा द्यायचा, तर प्रतिष्ठितांच्या व्यवस्थेचे काय करायचे, असा प्रश्न गोदाकाठच्या पंचवटीपर्यंत पोहोचलेल्या वाचकापुढे उभा राहतो.

तिसऱ्या भागात या प्रश्नाची जागा सैन्यांच्या हालचाली घेतात. एके काळी हितकर असलेला सोमरसच आता अनिष्ट ठरला आहे, ही कल्पना मोलाची आहे. अनिष्टाला समूळ नष्ट न करता बाजूला ठेवावे, हा विचारही पात्रांच्या तोंडी येतो; पण तो घटनांत उतरत नाही. गणेशाच्या वाट्याला मुख्यतः सेनानायकत्व येते. तहाची बोलणी हा कपटाचा सापळा ठरतो, सती मारली जाते आणि पाशुपतास्त्राने देवगिरी भस्मसात होते.

सतीच्या मृत्यूनंतरचा विध्वंस पुराणातही आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. तो रास्त आहे. परंतु पुराण तेथे थांबत नाही. दक्षयज्ञाचा आरंभही शिवाचा हविर्भाग नाकारण्यातच आहे. वीरभद्र यज्ञ उधळतो, दक्षाचा शिरच्छेद होतो. आणि मग शिवाच्याच कृपेने त्याला बोकडाचे मस्तक लाभून यज्ञ पुरा होतो. अपराध्याच्या देहावर अपराधाची खूण राहते, पण पंक्तीत त्याची जागाही राहते. कादंबरीने यातला विध्वंस उचलला आणि यज्ञाची सांगता वगळली.

मिथकाचे पुनर्लेखन करणाऱ्याने मूळ घटना जशाच्या तशा ठेवाव्यात, असे माझे म्हणणे नाही. घटना बदलण्याचा अधिकार त्याला आहेच. मात्र नाकारलेल्या वाट्यापासून सुरू झालेली कथा त्या वाट्याचा हिशेब न देता संपली, तर तरुण वाचकाच्या हाती अखेर एक मोठे अस्त्र तेवढे उरते. ज्या पिढीची पुराणांशी पहिली ओळख अशा कादंबऱ्यांतून होत आहे, तिच्यापर्यंत दक्षाचा वध पोहोचेल आणि त्याचे पुनरुज्जीवन पोहोचणार नाही. उत्तरभागाच्या अपयशाची ही किंमत वाङ्मयीन किमतीहून मोठी आहे.